पाच पाईप, दहा क्लिपा

सकाळी ८.१०

रास्ता पेठेतल्या एका आडगल्लीत मामांचं गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, पुढे दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, महिना नऊ हजार भाडं. बारक्या शटर वर ढकलतो. झाडू मारतो. काल सांडलेल्या ऑइलवर भुसा टाकतो. मामा येतात, चपला काढून सेफ्टी शूज घालतात, चष्मा सदऱ्याला पुसतात आणि सरळ हिरव्या गाडीकडे जातात.

गाडी एमजीबी. १९६६ सालची, दोन माणसांची, कापडी टपाची. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनत होती. काल रात्री नऊ वाजता डॉक्टर ती इथे लावून रिक्षाने घरी गेले. मामांनीच तसं सांगितलं होतं. "सकाळी आणू नका. रात्रीच लावून जा. मला इंजिन गार पाहिजे."

मामा बॉनेट उचलतात आणि आधाराची दांडी लावतात. बारक्याला वाटतं आता चालू करायची. तो किल्लीकडे हात नेतो.

"थांब. आधी हात लावून बघायचं."

सकाळी ८.३०

मामा काही एमजीचे फिटर नाहीत. या गल्लीत तसा कुणीच नाही. मामा अँबॅसेडरचे. सोळाव्या वर्षी टॅक्सीच्या गॅरेजात लागले आणि पुढची बरीच वर्षं त्या एकाच इंजिनावर काढली. अँबॅसेडरमध्ये १४८९ सीसीचं जे पेट्रोल इंजिन असायचं, ते बीएमसीचं बी-सिरीज. एमजीबीतलं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं, थोरला भाऊ. कार्बुरेटर आणि मॅनिफोल्ड डावीकडे, डिस्ट्रिब्यूटर उजवीकडे, थर्मोस्टॅट हेडच्या पुढच्या टोकाला. पानेही तेच, इंचातले. अर्ध्याचा, सात-सोळाचा, नऊ-सोळाचा. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसेडर बनणं २०१४ साली थांबलं. मामांचा पान्यांचा तो डबा अजून रोज उघडतो.

आता ते वरचा होज धरतात. हा रेडिएटरच्या माथ्यापासून थर्मोस्टॅटच्या कोपऱ्यापर्यंत जातो. मध्ये दाबतात. मग क्लिपपाशी, अगदी टोकाला दाबतात. मध्ये रबर घट्ट आहे. टोकाला बोट आत जातं.

"इथे दाब," ते बारक्याला म्हणतात. "आता इथे. फरक कळला?"

बारक्या दाबतो. मान हलवतो. परत दाबतो.

"होज आतून मरतो, आणि टोकाकडून मरतो. वरून काळा कुळकुळीत दिसेल. फसायचं नाही."

कारण साधं आहे. एका टोकाला लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम, दुसऱ्या टोकाला पितळ, मध्ये कूलंट. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामधून विजेला वाट देणारं पाणी म्हटलं की बारीकसा प्रवाह आलाच. तो रबराच्या आतल्या बाजूला केसासारख्या चिरा पाडतो. चिरांतून पाणी आतल्या धाग्यांच्या थरापर्यंत पोचतं आणि धागे कुजतात. हे सगळं क्लिपच्या आसपास होतं. बाहेरून काहीच कळत नाही.

खालचा होज मामा जास्त वेळ चाचपतात. तो पूर्ण मऊ आहे. दोन बोटांत दाबला की भिंतीला भिंत टेकते, आणि आत काहीतरी करकरतं. मामा कान जवळ नेतात. पुन्हा दाबतात. काही बोलत नाहीत.

मागे, फायरवॉलपाशी, हीटरचे दोन बारीक पाईप. पुण्यात हीटर कोण लावतंय! पण पाणी त्यातून फिरतंच. एक पाईप कडक झालाय, वाकवला की वरचा थर तडकतो. दुसरा ऑइलने ओला आहे. रॉकर कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ऑइल पाझरतंय आणि बरोबर त्याच्यावर पडतंय. कूलंटच्या होजचं रबर पाण्याला आणि उष्णतेला दाद देत नाही, ऑइलपुढे मात्र हार मानतं. फुगतं, चिकट होतं. मामा बोट फिरवतात आणि फडक्याला पुसतात. बोट काळं झालंय.

सकाळी ९.१५

डॉक्टर येतात. दातांचे डॉक्टर आहेत, साठीच्या पुढचे. गाडी त्यांच्या सासऱ्यांची. चेहऱ्यावर काळजी आहे, कारण आणखी एका गॅरेजवाल्याने गाडी बघून हेड गॅस्केट गेल्याचं सांगितलंय. हेड उतरवायचं, प्लेन करायचं, पंचवीस हजार.

मामा त्यावर काहीच म्हणत नाहीत. ते विचारायला लागतात.

"काटा कुठे चढला?"

"साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या पुढे."

"घाट चढताना, का उतरल्यावर?"

डॉक्टर आठवतात. "घाटात ट्रकांच्या मागे रांगत होतो. तेव्हा ठीक होता. सुरूरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, ऐंशी-नव्वदने निघालो, आणि काटा चढायला लागला."

"आणि हळू केल्यावर?"

"खाली आला."

"वास?"

"गोडसर. टप बंद असला की जास्त."

"खाली थारोळं?"

"कधीच नाही. पण दर दोन-तीन दिवसांनी ग्लासभर पाणी घालावं लागतं."

मामा डिपस्टिक काढतात. ऑइल काळपट, स्वच्छ धारेचं. ऑइल भरायचं झाकण उलटं करून बघतात. दुधाळ साय नाही. गार रेडिएटरचं झाकण काढून दोन मिनिटं इंजिन चालवतात आणि तोंडाशी बॅटरी धरून बघत राहतात. बुडबुडे येत नाहीत. ते इंजिन बंद करतात.

रांगताना गरम होत असेल तर संशय पंख्यावर आणि हवेवर जातो. वेगात गरम होत असेल तर पाणी पुरत नाही, नाहीतर अडतंय. मामांच्या प्रश्नांत हेच होतं. डॉक्टरांनाही ते एव्हाना कळलं असावं. ते खुर्ची ओढून बसतात.

सकाळी ९.४५

प्रेशर टेस्टर म्हणजे सायकलच्या पंपाएवढा हातपंप, त्याला घड्याळ आणि रेडिएटरच्या तोंडावर बसणारी टोपी. मामा पंप मारतात. काटा सात पौंडांवर येतो. या गाडीच्या झाकणाचा दाब तेवढाच. दाब कशासाठी, तर उकळण्याचा बिंदू वर न्यायला. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथे उघड्या भांड्यात पाणी अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं. सात पौंडांच्या दाबाखाली तेच पाणी दहाएक अंश जास्त सोसतं. होजमधून दाब निसटला तर ती सूटही गेली.

काटा हलतो. सव्वासहा. सहा. साडेपाच.

"गळतंय," बारक्या म्हणतो.

"कुठे ते सांग."

बारक्या जमिनीवर आडवा होऊन खालून बघतो. काही नाही. पंपाखाली, रेडिएटरच्या खालच्या टाकीला, सगळीकडे हात फिरवतो. सुकं. मामा ड्रॉवरमधून दांडीचा छोटा गोल आरसा काढतात. तो डॉक्टरांनीच दिलेला, त्यांच्या दवाखान्यातला. हीटरच्या खोक्यामागे आरसा घालतात, दुसऱ्या हाताने बॅटरी धरतात, आणि बारक्याची मान धरून त्याला बरोबर जागेवर आणतात.

आरशात होजचं टोक दिसतं. क्लिपखालून एक थेंब वाढतोय. भरतो, सुटतो, थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडतो. आत्ता इंजिन कोमट आहे म्हणून तो तिथून ओघळतो. गाडी धावत असताना मॅनिफोल्डवर पडलेला थेंब खाली पोचणारच नाही. वाफ होऊन जाणार. म्हणून थारोळं नव्हतं. म्हणून वास होता. मॅनिफोल्डवर पांढरट-हिरवट डागांची एक लांब रेघ आहे. बघायला गेलं की दिसते.

डॉक्टर उठून आरशात बघतात. बराच वेळ बघतात.

सकाळी १०.१५

एक कोडं सुटलं, दुसरं बाकी आहे. मामा झाकण लावून गाडी चालू करतात आणि गरम होऊ देतात. थर्मोस्टॅट उघडला हे वरच्या होजला हात लावला की समजतं. गार असलेला होज अर्ध्या मिनिटात चटका द्यायला लागतो.

"बारक्या, खालच्या पाईपकडे बघ. नजर हलवू नको. हात पंख्यापासून लांब."

मामा कार्बुरेटरची दांडी हाताने ओढतात. इंजिनाचा आवाज चढतो. दोन हजार, अडीच हजार, तीन हजार. खालचा होज मध्यभागी आत ओढला जातो. चपटा होतो. गोल पाईपची फट उरते. मामा दांडी सोडतात, होज पुन्हा फुगतो.

खालच्या होजमधून पंप पाणी खेचतो, तिथे ओढ असते. म्हणूनच जुन्या होजमध्ये तारेची गुंडाळी घातलेली असायची, भिंत आत बसू नये म्हणून. या होजमधली गुंडाळी गंजून तुटली आहे. सकाळी करकरलं ते तेच.

"नव्वदच्या वेगाला इंजिन तहानलेलं होतं तुमचं," मामा डॉक्टरांना म्हणतात. "हेडला काही झालेलं नाही."

चहा येतो. दहा रुपये कटिंग, तीन ग्लास. डॉक्टर पैसे देतात.

सकाळी १०.३५

इंजिन गार व्हायला हवं. गरम रेडिएटर उघडायचा नाही. ही शिस्त मामा हाताने दाखवतात: डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत आहे, टॅक्सीच्या दिवसांतली. तोवर शेजारची ओम्नी घेतात. मागचे ब्रेक शू, मजुरी चारशे. बारक्या ड्रम काढतो, मामा स्प्रिंग चढवतात. पाऊण तासात ओम्नी खाली.

सकाळी ११.२५

रेडिएटरच्या खालचा नळ उघडतो. तपकिरी पाणी तसराळ्यात पडतं. ब्लॉकचा नळ उजवीकडे मागे आहे. तो सोडवला तरी थेंब येत नाही. सगळ्या जुन्या ब्लॉकांचं हेच: गाळ बसतो तो मागे, तळाला, बरोबर नळाच्या तोंडाशी. मामा सायकलचा स्पोक घालून ढोसतात. आधी चिखल येतो, मग एकदम धार.

बारक्या तसराळं उचलून गटाराकडे निघतो.

"अरे! कुठे चाललास?"

कूलंट चवीला गोड असतं. गल्लीतली कुत्री ते चाटतात आणि मरतात. मामांनी एकदा एक कुत्रं तसं गेलेलं पाहिलंय. तेव्हापासून जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये जातं, कॅनवर रंगाने फुली मारलेली असते.

सकाळी ११.४०

होज ओढून काढायचा नाही. पिळायचा तर मुळीच नाही. रेडिएटरचं तोंड पातळ पितळेचं, टाकीला कथलाने जोडलेलं. जोर लावला की सांधा सुटतो, मग रेडिएटरवाल्याकडे जा, दोन दिवस आणि दोन हजार घालवा. मामा क्लिप सोडतात, पात्याने होजला लांबीत एक चीर देतात आणि साल सोलल्यासारखा उकलून घेतात.

खालचा होज ते बाकावर ठेवतात आणि आरपार उभा चिरतात. डॉक्टर, बारक्या, दोघेही वाकतात. आतली बाजू बाहेरच्यासारखी काळी नाही, राखाडी आहे. टोकापासून बोटभर लांबीत बारीक चिरा, सगळ्या लांबीच्या दिशेने. नख लावलं की चिरा उघडतात आणि आत पिवळट धागे दिसतात. मध्ये रबराचा एक पापुद्रा सुटून लोंबतोय. पाण्याच्या वाटेत हे फडकं हलत असणार. आणि तळाशी गंजाचा चुरा, तारेचे चार-पाच तुकडे. मामा एक तुकडा चिमटीत धरतात, दाबतात. त्याची पूड होते.

बारक्या सगळे तुकडे गोळा करून कागदावर ठेवतो. कुणी सांगितलेलं नाही.

दुपारी १२.००

थर्मोस्टॅटच्या कोपऱ्याला तीन नट. मामांनी साडेनऊलाच तिन्हींवर गंज सोडवायचं तेल टाकून ठेवलं होतं. पहिले दोन अर्ध्याच्या पान्याने सुटतात. तिसरा हलत नाही.

इथे बोल्ट तुटला तर दिवस गेला. ड्रिल लावा, जुना बोल्ट कोरून काढा, आटे पाडा. मामा पाना बाजूला ठेवतात. हातोडीने नटाच्या माथ्यावर हलके ठोके देतात, जोरात नाही, पण पुष्कळ. पुन्हा तेल. मग पाना लावतात आणि सोडवायच्या आधी किंचित आवळतात. बारक्याच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतो.

"गंज तुटायला पाहिजे. कुठल्या दिशेने तुटला त्याला काय."

थोडा आवळ, थोडा सोड. पुन्हा आवळ. नट कुंथतो. मग पाव आटा फिरतो. मामा पुन्हा मागे घेतात. दहा मिनिटांनी नट हातात येतो, आट्यांसकट. मामा तो नट फडक्यात गुंडाळून खिशात टाकतात आणि हात धुवायला जातात.

दुपारी १२.४५

डॉक्टरांची मुलगी इंग्लंडात असते. तिने होज मागवून कुरिअरने पाठवलेत. खोकं आता उघडतं. वरचा होज बरोबर आहे, वळण जुन्याला तंतोतंत. खालचा मामा जुन्याशेजारी ठेवतात. लांब आहे, आणि वाकही वेगळा.

"हा नंतरच्या गाडीचा."

१९७६ च्या सुमाराला या गाडीचा रेडिएटर पुढे सरकवला गेला. तेव्हापासून होज बदलले. विकणाऱ्याने नंतरचा पाठवला. डॉक्टरांनी त्यावर कस्टमही भरलंय. ते फोन काढतात. परत मागवायचा तर तीन आठवडे.

"फोन ठेवा," मामा म्हणतात. "नाना पेठ आहे की."

दुपारी १.०५

नाना पेठ चालत पाच-सात मिनिटांवर. चैत्राचं ऊन. दुकानाला दुकान लागून, प्रत्येकाच्या दारात फॅनबेल्ट आणि केबली लटकलेल्या. मामांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला चिरलेला होज. त्यांना अशा वेळी गाडीचं नाव सांगायची सवय नाही.

दुकानदार विचारतो, "कुठल्या गाडीचा?"

"गाडी राहू द्या. हा वाक बघा."

पोटमाळ्यावरून पोरगा होज खाली टाकत जातो. जीपचा, टेम्पोचा, ट्रॅक्टरचा, मेटॅडोरचा. मामा एकेक घेऊन जुन्याशी जुळवतात. एकाचा वाक बरोबर पण तोंड मोठं. क्लिपने आवळून बसेल, असं दुकानदार म्हणतो. मामा तो परत देतात. मोठं तोंड आवळलं की रबराला घडी पडते आणि घडीतून पाणी वाट काढतं. दुसऱ्याचं तोंड बरोबर, भिंत पातळ. पाचव्या की सहाव्या होजला मामा थांबतात. ट्रॅक्टरचा आहे, लांब, पण मधला भाग हवा तसा वळतो. व्हर्निअर लावून दोन्ही तोंडं मोजतात. कापलेल्या कडेला धाग्यांचे थर मोजतात. दोन्ही हातांनी वाकवतात, वाकाच्या आतल्या बाजूला सुरकुती येते का बघतात. शेवटी नाकाशी नेऊन वास घेतात. फार दिवस पडून राहिलेल्या रबराचा वास वेगळा येतो म्हणे.

तीनशे ऐंशी. मामा कमी करायला सांगत नाहीत, कारण पोराला पाच वेळा माळ्यावर चढवलंय. अर्धा इंची हीटर होज दोन मीटर, एकशेवीसने, दोनशे चाळीस. गॅस्केट पेपरचा ताव चाळीस. क्लिपा दहा, पस्तीसने, साडेतीनशे. वीस रुपयांच्याही क्लिपा आहेत. मामा त्या हातात घेतात, पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवतात आणि ठेवून देतात. स्वस्त क्लिपची कड धारदार असते, आवळली की रबर कापते. चांगल्या क्लिपची कड वळवलेली असते.

ही स्क्रूची क्लिप लमली रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या माणसाने काढली, पेटंट १९२१ चं. शंभर वर्षं होऊन गेली, तिच्यात बदलण्यासारखं फारसं कुणाला काही सापडलेलं नाही.

दुपारी २.१०

डबा. मामांच्या डब्यात भाकरी आणि गवारीची भाजी, बारक्याच्या हातात दोन वडापाव, चाळीस रुपये. वीस मिनिटं कुणी फारसं बोलत नाही.

दुपारी २.३५

थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडलाय, खाली स्टोव्ह, शेजारी थर्मामीटर. तो भांड्याच्या तळाला टेकता कामा नये. बारक्या दोरा धरून बसलाय. सत्तर. पंचाहत्तर. ऐंशी. ब्याऐंशीच्या आसपास पितळी तबकडीच्या कडेला रेघ दिसते, मग रेघेची फट होते. नव्वदच्या पुढे तो पूर्ण उघडतो. थर्मोस्टॅट चांगला आहे. नवा घ्यायची गरज नाही. मामा डॉक्टरांना तसं सांगतात आणि डॉक्टर फोनवरची यादी खोडतात.

तोवर गॅस्केट. मामा कागद कोपऱ्याच्या तोंडावर ठेवतात, अंगठ्याने दाबून धरतात आणि छोट्या गोल हातोडीने कडेवर टकटक करत जातात. कात्री नाही. धातूची कडच कागद कापते. बोल्टच्या तीन भोकांवर गोल डोकं टेकवून एकेक ठोका. चार मिनिटांत कागद सुटून येतो, खालच्या धातूचा बरोबर आकार घेऊन. बाजारात तयार गॅस्केट मिळतं. मामांना चाळीस रुपयांच्या तावात तशी वीस दिसतात.

बारक्या पॉलिश पेपरने तोंडं घासतोय. होज बसतो ती प्रत्येक जागा गुळगुळीत हवी. अ‍ॅल्युमिनियमच्या तोंडावर खड्डे पडलेत, पांढरी पूड धरलीय. मामा बोट फिरवून बघतात, परत घासायला देतात. पुन्हा बघतात. पुन्हा देतात. रेडिएटरमधून नळाचं पाणी उलटं सोडलंय, खालून वर. आधी गंजाचं येतं, मग चहासारखं, मग निवळ.

दुपारी ३.३०

बसवणं. ट्रॅक्टरचा होज जुन्यावर ठेवून मामा खडूने खूण करतात आणि दोन्ही टोकं कापतात. काप सरळ हवा. तिरका झाला तर एका बाजूला क्लिपला धरायला रबर उरत नाही.

बारक्या ग्रीसचा डबा पुढे करतो. सरकवायला सोपं जाईल म्हणून.

"सकाळी मागचा पाईप कशाने गेला?"

बारक्या डबा खाली ठेवतो. साबणाचं पाणी आणतो.

खालचा होज सर्वांत अडचणीचा. एक हात वरून, एक खालून, डोळे कुठेच पोचत नाहीत. मामा आधी क्लिपा होजवर सैल सरकवून ठेवतात, मग होज चढवतात. क्लिप तोंडाच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. उंचवट्यावर बसली तर घसरते, अगदी कडेला बसली तर रबर फाटतं. स्क्रूचं डोकं अशा बाजूला की पुढे कुणालाही पेचकस लावता येईल, आणि पंख्यापासून लांब. हे दुसऱ्या कुणासाठी करून ठेवायचं असतं. काही वर्षांनी हे काम कुणीतरी करणारच.

हीटरचे तीन तुकडे मागेपुढे. हीटरपासून निघून हेडच्या कडेने पुढे जाणारी धातूची नळी आणि तिचे दोन्ही सांधे. मागच्या सांध्यापाशी मामा रॉकर कव्हरचे दोन नट काढतात, जुनं कॉर्कचं गॅस्केट पुसून सरळ बसवतात, मोजून आवळतात. ऑइलचं पाझरणं थांबलं नाही तर नवा होजही तसाच जाईल. या कामाचे पैसे बिलात लागणार नाहीत.

दहावी क्लिप. आवळताना मामा पट्टीच्या खाचांकडे बघत असतात. खाचांतून रबर फुगून वर यायला लागलं की जास्त झालं. तिथून अर्धा फेरा मागे.

दुपारी ४.५०

गाडीत साडेपाच-सहा लिटर मावतं. तीन लिटर कूलंट, तीनशेवीसने नऊशे साठ. तेवढंच डिस्टिल्ड पाणी, कॅन शंभर रुपये. नळाचं पाणी नाही, त्याने क्षार धरतो. मामा पुढची बाजू जॅकने उचलतात, हीटरचा व्हॉल्व्ह उघडतात आणि हळूहळू ओततात. बारक्या वरचा होज दाबतो, सोडतो. तोंडाशी बुडबुडा फुटतो, पातळी उतरते. पुन्हा ओता. आत हवा अडकली तर काटा खोटं बोलतो: हवेत बुडालेला सेन्सर इंजिन गार असल्याचं दाखवतो आणि हेड तापत राहतं. अर्धा तास दाबणं, सोडणं, ओतणं. घाई करण्यासारखं यात काही नाही.

पुन्हा प्रेशर टेस्टर. सात पौंड. मामा घड्याळ लावून दहा मिनिटं सोडतात आणि बाहेर जाऊन तंबाखू मळतात. परत येतात. सात.

संध्याकाळी ५.४०

इंजिन चालू. वरचा होज तापतो. मामा दांडी ओढतात. तीन हजार. साडेतीन हजार. बारक्या खाली बघतोय. ट्रॅक्टरचा होज गोल आहे. गोलच राहतो.

"गुंडाळी नाही घातली तरी चालेल?" डॉक्टर विचारतात.

"भिंत जाड आहे. घातली असती तर पंधरा वर्षांनी तीच गंजून रेडिएटरात गेली असती."

संध्याकाळी ६.२०

चक्कर. मामा चालवतात, डॉक्टर शेजारी. बारक्याला जागा नाही, म्हणून तो अ‍ॅक्टिव्हावर मागे. कॅम्पातून सोलापूर रस्त्याला. फातिमानगरच्या सिग्नलला गर्दीत चार मिनिटं उभे. उष्णता, पीएमटीचा धूर. काटा मधोमध. शेजारच्या स्कूटरवरचा मुलगा गाडीवरचा अष्टकोनी बिल्ला बघतो आणि विचारतो, "काका, एमजी म्हणजे हेक्टरवाली?"

"तेच नाव," डॉक्टर म्हणतात. "ही साठ वर्षांपूर्वीची."

हडपसरच्या पुलावर मामा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून गाडी ताणतात. चार हजारांपर्यंत. सुरूरच्या पुढे डॉक्टरांचा काटा जिथे उजवीकडे कलला होता, तिथे आता काही होत नाही. डॉक्टर रस्ता सोडून काट्याकडेच बघत बसलेत. मामा त्यांना सांगतात, बाहेर बघा, हवा छान आहे.

संध्याकाळी ७.१५

परत आल्यावर मामा दहाही क्लिपांना पेचकस लावतात. गरम होऊन रबर बसलं की क्लिप थोडी सैल पडते. दोन क्लिपांना पाव फेरा लागतो. "दोनशे किलोमीटर झाले की या. गार इंजिन घेऊन या. परत बघू. पैसे नाहीत त्याचे."

बिल वहीच्या पानावर. होज ३८०. हीटर होज २४०. क्लिपा ३५०. गॅस्केट पेपर ४०. कूलंट ९६०. पाणी १००. माल २०७०. मजुरी २५००. एकूण ४५७०. मजुरीतून बारक्याचे सहाशे, दिवसाच्या भाड्याचे तीनशे, वीज, स्टोव्हचं रॉकेल. डॉक्टर पैसे मोजून देतात आणि बारक्याच्या हातावर वेगळे शंभर ठेवतात. बारक्या मामांकडे बघतो. मामा मान डोलावतात. तो शंभरची नोट शर्टाच्या खिशात घालतो.

इंग्लंडातून आलेला चुकीचा होज मामा मागून घेतात. दोरी बांधून, खडूने "एमजीबी, ७६ नंतरची" असं लिहून खिळ्याला टांगतात. मग वहीच्या शेवटच्या पानावर ट्रॅक्टरच्या होजचा नंबर उतरवून ठेवतात. शेजारी दोन्ही टोकांना किती कापला तेही, सुतात.

"बारक्या, उद्या साडेसातला ये. टेम्पोचा क्लच उतरवायचाय."

"आठला येतो ना मामा."

"साडेसात."